स्किझोफ्रेनियाच्या गटोपचारात नेमकं काय करतात? भावाला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की औषधांनी भावाचे भास थांबलेत, पण तो कुणाशीच बोलत नाही, आणि डॉक्टरांनी सामाजिक कौशल्यांचा गट सुचवलाय. जरूर पाठवा. फक्त तिथे मन मोकळं करायला बसवतात असं वाटत असेल, तर तसं नाही. ती तालीम असते.

साधारण सहा ते दहा शुभार्थी (रुग्ण हा शब्द आम्ही टाळतो), दोन प्रशिक्षक, आठवड्यातून एकदा-दोनदा, तासभर. एका वेळी एकच कौशल्य. समजा, मदत मागणं. त्याच्या पायऱ्या फळ्यावर लिहितात: समोरच्याकडे बघा, काय हवंय ते नेमकं सांगा, ते मिळालं तर कसं वाटेल ते सांगा. आधी प्रशिक्षक करून दाखवतात, मग प्रत्येकाची एक-दोन मिनिटांची पाळी.

पाळीनंतर काय बोललं जातं, यावर मला विचाराल तर सगळं अवलंबून असतं. आधी जे जमलं ते सांगायचं, तेही नेमकं. ‘छान केलंत’ यातून काहीच कळत नाही. ‘या वेळी शेवटचा शब्दही ऐकू आला’ यातून कळतं. मग सुधारणा एकच. नजर, आवाज, शब्द असं तिन्ही एकदम सांगितलं की माणूस गोंधळतो, कारण या आजारात लक्ष आणि स्मरण दोन्ही कमी पडतात. डोळ्यांत बघणं जड जात असेल तर भुवयांच्या मधे बघायचं. तेवढाच बदल करून लगेच दुसरी फेरी.

गटात जमलेलं बाहेर जमत नाही, ही खरी अडचण. त्यासाठी गृहपाठ असतो आणि तो बऱ्याचदा आपणच मोडतो, मायेपोटी. दुकानात त्याने तोंड उघडायच्या आत आपण बोलून मोकळे होतो. मनात दहापर्यंत मोजा, उत्तर उशिरा येतं.

तो सारखा पाय हलवत असेल, उठून फेऱ्या मारत असेल, तर त्याला रस नाही असं समजू नका. काही औषधांनी अशी बेचैनी येते. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो. औषध मात्र परस्पर बंद करू नका.

जाण्याआधी प्रशिक्षकांना विचारा, सुरुवातीला एक-दोनदा नुसतं बसून बघितलं तर चालेल का. चांगल्या गटात चालतं.