पार्सल कुठवर आलं, हे सारखं बघावंसं वाटतं तेव्हा

‘नवीन फोन मागवलाय. पार्सल कुठं पोचलं हे दिवसभर बघत बसतो, कामात लक्ष लागत नाही. हे व्यसन म्हणायचं का?’ असं विचारणारे बरेच जण माझ्याकडे येतात. विचारताना आवाज खाली गेलेला असतो, कारण घरातलं कुणीतरी आधीच ‘लहान पोरासारखं काय चाललंय’ म्हणून हसलेलं असतं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. वाट बघणं माणसाला खरोखर शिणवतं. एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या ताई कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात आणि घरीच शिवणकाम करतात. ब्लाऊज, फॉल-पिको; लग्नसराईत मशीन रात्री अकरापर्यंत चालू. आजवर त्यांच्या वाट्याला कायम नवऱ्याने नाहीतर मुलाने वापरून सोडलेला फोन आला. आत्ताच्या फोनची काच तडकलेली, आणि चार्जरची पिन एका बाजूला दाबून धरली तरच चार्जिंग व्हायचं. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअपवर पाठवलेले गळ्याच्या डिझाइनचे फोटो उघडेपर्यंत तो बंद पडायचा. या वर्षी भिशी लागली आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीचा फोन मागवला. घरात कुणालाही न सांगता.

“मला येड लागलंय काय ओ मॅडम? मशीन थांबवायची, बघायचं. भाजी फोडणीला टाकायची, बघायचं. रात्री दोनला जाग आली तरी हात आधी फोनकडंच.”

मी विचारलं, “बघितल्यावर काय दिसतं?”

“तेच. भिवंडीतनं निघालं, पुण्यात पोचलं. बास. काल सकाळपासनं पुण्यातच हाय.”

इथे थोडं थांबून ट्रॅकिंग म्हणजे काय ते आम्ही दोघींनी नीट समजून घेतलं. स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक ओळ म्हणजे कुठल्या तरी गोदामात कुणीतरी खोक्यावरचा बारकोड स्कॅन केल्याची नोंद असते. दोन स्कॅनच्या मधे पार्सल कुठे आहे हे ती ओळ सांगत नाही. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. तेवढा वेळ खोकं ट्रकमध्ये असतं, आणि इकडच्या गोदामात उतरून स्कॅन होईपर्यंत स्क्रीनवर ‘पुणे’च राहू शकतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तेव्हा गाड्या किती दिवस खोळंबल्या हे कोल्हापूरकराला सांगायला नको. म्हणजे ताई दर दहा मिनिटांनी जे बघत होत्या, ते बऱ्याचदा कालचंच होतं.

हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं, पण बघणं काही थांबलं नाही. थांबणारही नव्हतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा नक्की कधी मिळेल याचा नेम नसला, की कबुतर चोच मारायचं सहजी सोडत नाही. ट्रॅकिंगचंही तसंच. बहुतेक वेळा काही बदललेलं नसतं, पण एखाद्या वेळी बदललेलं असतं, आणि त्या एका वेळेपायी पुढचे वीस वेळा हात जातो.

दुसरा एक प्रयोग मला याहून जवळचा वाटतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१६ साली तो प्रसिद्ध केला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला होता: दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका बसणारच हे ठाऊक असताना नाही, तर बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. वाईट काय ते पक्कं कळलं तर मन तयारीला लागतं. अधांतरी ठेवलं की ते घाम फोडतं. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, “म्हणजे मी एकटीच न्हवं तर.”

मग मी त्यांना एक काम दिलं. मापाच्या वहीच्या मागच्या पानावर, ट्रॅकिंग बघितलं की लगेच लिहायचं: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, आणि स्क्रीनवर काय दिसलं. बघायला मनाई नाही. पुढच्या भेटीला त्यांनी वही उघडली. एका दिवसाच्या नोंदी ४२, त्यात स्क्रीनवर नवीन काही दिसलं ते दोनदा. पण मला महत्त्वाचा वाटला तो मधला रकाना. दुपारी साडेतीनपर्यंत नोंदी विरळ होत्या, त्यानंतर एकदम दाट. साडेतीनला काय होतं? शिरोली एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून त्यांचे मालक त्या सुमारास घरी येतात.

“आमचं हे घरात असताना डिलिव्हरीवाला आला तर?” ताई सावकाश म्हणाल्या. “म्हणतील, जुना चालतोय की, मग कशाला?”

पार्सल कधी येणार आणि आल्यावर घरात काय होणार, या दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या होत्या. पहिलीवर त्यांचा काहीच इलाज नव्हता. दुसरीवर होता, पण ती नको वाटायची, म्हणून सगळा जोर पहिलीवर निघत होता. माझ्या कामात हे फार वेळा दिसतं, आणि म्हणूनच ‘फोन बाजूला ठेवा’ एवढाच सल्ला मला अपुरा वाटतो.

त्याच आठवड्यात त्यांना एक मेसेज आला होता: पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, लिंकवर ५ रुपये भरा. त्यांनी लिंक उघडलीही होती. कार्ड मालकांच्या कपाटात होतं म्हणून पुढे गेल्या नाहीत. हे ऐकून मला खरंच भीती वाटली. पार्सलकडे डोळे लावून बसलेलं माणूस अशा फसवणुकीला सगळ्यात लवकर सापडतं. असा मेसेज आला तर लिंक उघडायची नाही, जिथून वस्तू मागवली त्या अ‍ॅपमध्येच जाऊन बघायचं. ओटीपी दारात, खोकं समोर आल्यावरच द्यायचा, फोनवर कुणालाही नाही. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

ट्रॅकिंगसाठी आम्ही दोन वेळा ठरवल्या, सकाळी दहानंतर एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. पार्सल वाटपाला निघालं की मेसेज येतोच, त्यामुळे मधे काही हुकणार नव्हतं. मधेच बघावंसं वाटलं तर हातातली शिलाई पुरी करायची, मग ठरवायचं. ऊर्मी चढते तशी उतरतेही. तिला उतरायला थोडा वेळ मात्र द्यावा लागतो. पहिल्या दिवशी त्यांना हे जड गेलं. तिसऱ्या दिवशी नोंदी नऊवर आल्या.

घरात सांगण्याबद्दल मी घाई केली नाही. काय बोलायचं ते त्यांनीच ठरवलं आणि माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं: “भिशीच्या पैशातनं फोन घेतलाय. कामाला लागतोय म्हणून घेतलाय. आधी सांगायला पायजे होतं, तेवढं राहिलं.” यात गयावया नव्हती, भांडणही नव्हतं.

मालकांनी किंमत विचारली आणि गप्प झाले. दोन दिवस घरात बोलणं कमीच होतं. त्यांना फोनचा राग नव्हता, लपवल्याचा होता, आणि तो मला अगदीच गैर वाटत नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या म्हणे, “तिच्या कष्टाचं हाय, घेऊ दे की.” पार्सल ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा आलं. त्या दिवशी ताईंनी ट्रॅकिंग दोनदाच बघितलं होतं.

त्या नंतरही एकदा आल्या, पण विषय फोनचा नव्हता. शिवणकामाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे म्हणतात, आणि या वेळी ते मालकांशी आधी बोलायचं आहे. त्यावर आमचं काम चालू आहे.

एखादी वस्तू येईपर्यंतची अशी घालमेल ती आल्यावर बहुतेकांची आपोआप निवते. पण ती आल्याबरोबर दुसरी मागवल्याशिवाय राहवत नसेल, त्यासाठी कर्ज होत असेल, किंवा झोप आठवडे-आठवडे उडाली असेल तर एकट्याने झुंजू नका. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.