कल्हईतला ‘ह’

तांब्यापितळेच्या भांड्यांना लावतात ती कल्हई जस्ताची असते काय, आणि शब्द ‘कल्हई’ लिहावा की ‘कलई’, असे एका वाचकाने विचारले आहे. कल्हई कथलाची असते. जस्त आंबटात सहज विरघळते, म्हणून ते आमटीच्या पातेल्याला चालत नाही. कथील मात्र २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, नवसागराने निर्मळ केलेल्या तापल्या भांड्यावर कापसाच्या बोळ्याने झरझर पसरते आणि आतले ताक कळकू देत नाही. हा घोटाळा ‘टिनाचे पत्रे’ या शब्दप्रयोगाने वाढवला आहे. टिन म्हणजे कथील, आणि छपराच्या त्या पत्र्यात ते औषधालाही नसते. लोखंडावर जस्ताचा लेप असतो. तरीही वर्तमानपत्रे हा प्रयोग सोडत नाहीत.

खरी गोडी ‘ह’मध्ये आहे. ‘कलई’ शुद्ध आणि ‘कल्हई’ गावठी, असे सांगणारे शुद्धिवादी मुळाकडे पाहतच नाहीत. मूळ अरबी शब्दात ‘ल’नंतर ‘ऐन’ हे घशातून काढायचे व्यंजन आहे. फारसीने त्याचा उच्चार सोडला, हिंदीने तोच मार्ग धरला, मराठीच्या ‘ह’मध्ये मात्र त्या ऐनाचा ठसा उरला, असे माझे ठाम मत आहे. ‘किल्ला’ हा शब्दही याच तीन व्यंजनांच्या अरबी शब्दापासून आला, पण तो फारसी दरबारातून आल्यामुळे त्यात ऐन उरला नाही. मग ‘कल्हई’त तो कसा उरला? माझ्या मते हा शब्द दिल्लीच्या वाटेने आलाच नाही. तो कोकणच्या बंदरांत अरब व्यापाऱ्यांच्या तोंडून थेट उतरला. दहाव्या शतकात अरब प्रवासी व इतिहासकार अल्-मसूदी कोकणातल्या चौल बंदरात आला, तेव्हा तिथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. शिवाय कथील हा समुद्रमार्गे येणारा माल होता. अरब भूगोलकार मलाया द्वीपकल्पाकडच्या ‘कलह’ बंदराला कथलासाठी नावाजतात, आणि धातूचे अरबी नाव त्या बंदरावरूनच पडले, हे अनेक अभ्यासकांचे म्हणणे मला पटते. पोर्तुगीजांनीही पूर्वेकडच्या व्यापारात कथलाला ‘कलाईं’ हेच नाव उचलले.

‘ल’पुढे ‘ह’ घालणे ही मराठीची नुसती खोड आहे, या आक्षेपाला माझे उत्तर असे की, तशी खोड असती तर ‘किल्ला’चा ‘किल्हा’ सर्वमान्य झाला असता. ‘कोल्हा’ इथे पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांनी तो शब्द अरबी नाही, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तेव्हा ‘कल्हई’ निःशंकपणे लिहावे. ‘भ्रष्टाचाराची कलई उघडली’ हे मात्र हिंदीचे उसने वाक्य आहे. मराठीत कल्हई उडते आणि बिंग फुटते.