भाऊ जिवाचे काही बरेवाईट करील अशी भीती वाटत असेल तर मदत कुठे मिळेल?

कर्जाच्या तगाद्याने खचलेले आपले थोरले बंधू ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ असे बोलतात, डॉक्टरांचे नाव काढताच उठून जातात आणि कुठे कळवले तर पोलीस मागे लागतील अशी आपल्याला धास्ती आहे, असे आपण लिहिले आहे. ती धास्ती आधी दूर करतो. नुसते विचार बोलून दाखवणे हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसावरही तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून खटला चालवू नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ सांगते.

आज रात्रीच करण्याजोगी गोष्ट म्हणजे त्यांना एकटे गाठून ‘दादा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारणे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे सोडू नका, फवारणीची औषधे घरातून व गोठ्यातून हलवा आणि त्यांच्याजवळ बसूनच १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक लावा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास मोफत चालते, मराठीत बोलता येते, गरज भासल्यास समुपदेशक पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात, आणि बंधू स्वतः बोलायला तयार नसले तरी घरच्यांनी फोन केलेला चालतो. प्रसंग हाताबाहेर जातोय असे वाटले तर ११२ लावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.

देशात २०२२ साली नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी जवळपास ७२ टक्के पुरुषांच्या होत्या, तरीही पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून उभारलेली सेवा आपल्याकडे शोधावीच लागते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला २०१८ पासून केवळ जीव देण्याचा विचार मनात येणाऱ्या पुरुषांसाठीच, रुग्णालयाबाहेर, एक मोफत केंद्र चालते; आपल्याकडच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागासाठी मात्र माणसाला दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते. (त्यातून गावातले कोणी ओळखीचे भेटले की संपलेच!) म्हणून जिल्हा रुग्णालयात नेताना ‘मनाच्या डॉक्टरांकडे चल’ असा हट्ट धरू नये, झोप उडाली आहे, पित्त वाढले आहे, चिडचिड होते आहे, या तक्रारींवरही केसपेपर निघतो आणि पुरुष बहुधा त्याच बोलून दाखवतात. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांना खरे कारण आपण स्वतः सांगा, कारण बंधू ‘काही नाही, जरा झोप लागत नाही’ एवढ्यावरच उठतील.

औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत उतार पडावा अशी अपेक्षा ठेवू नका, आणि ते एकाएकी शांत, निश्चिंत दिसू लागले तर लक्ष अधिकच ठेवा. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, हेही खरेच आहे. तेव्हा बँकेच्या नोटिसा आपल्या ताब्यात घ्या, वसुलीचे फोन आपण उचला आणि शाखाधिकाऱ्यांना भेटून कर्जाच्या पुनर्गठनाचा किंवा एकरकमी तडजोडीचा लेखी अर्ज द्या. त्याची पोहोच बंधूंना दाखवा.