शंका-समाधान: हाताने चालणारे बेंडिंग मशीन निवडताना

प्रश्न : कराड तालुक्यात माझे १२ बाय १५ फुटांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. खिडक्यांचे ग्रिल, लहान गेट आणि जिन्याचे रेलिंग ही मुख्य कामे असतात. १० व १२ मि.मी.चा चौरस बार आणि २५ बाय ५ ची पट्टी रोज लागते. गेटसाठी अधूनमधून १६ मि.मी.चा बारही वाकवावा लागतो. आतापर्यंत व्हाइसमध्ये धरून घणाने काम भागवले, परंतु एकसारखे बेंड येत नाहीत. एक विक्रेता २५ मि.मी.पर्यंतचे हँड बेंडर घ्या म्हणतो. ते घ्यावे का, आणि रेलिंगचा पाइपही त्यावरच वाकेल का?

उत्तर : आपण कामाची यादी दिली हे बरे केले, कारण मशीनची निवड तिच्यावरूनच ठरते. रोजचा सर्वांत जाड माल १२ मि.मी.चा असल्यामुळे १६ मि.मी. क्षमतेचे, जमिनीत घट्ट बसवता येणारे मशीन घ्यावे आणि २५ च्या आकड्याचा मोह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाताच्या मशीनला जोर माणसाचाच लागतो, आणि चौरस बार थंड वाकवण्याचा जोर त्याच्या मापाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे माप दुप्पट झाले की जोर आठपट होतो. आयएस २०६२ या भारतीय मानकातील साध्या माइल्ड स्टीलची किमान यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो ताण) २५० मेगापास्कल धरून हिशोब केला, तर १२ मि.मी.च्या बारला सुमारे १०८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर लागतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी ११ किलोंचा जोर झाला. प्रत्यक्षात बाजारातला माल या किमान मर्यादेपेक्षा कडक निघतो आणि पिना व रोलरचे घर्षणही असते, म्हणून आकडा दीडपट धरावा. तसे केल्यास १२ मि.मी.ला साधारण १७ किलो, १६ ला ४०, २० ला ७५ आणि २५ ला जवळजवळ दीडशे किलो जोर येतो. दिवसभर बेंड मारणाऱ्या कारागिराकडून दर खेपेला वीस-पंचवीस किलोंपेक्षा जास्त जोराची अपेक्षा करणे योग्य नाही. २५ मि.मी.चा बार वाकवायचा झाला, तर दांड्यावर पाइप चढवून तो दोन मीटर करावा लागेल आणि तरीही त्याला दोन माणसे लटकतील. शिवाय दोन मीटरचा दांडा अर्धवर्तुळात फिरवायला चार मीटर मोकळी जागा हवी, आणि आपल्या शेडची रुंदी १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटरच आहे.

पट्टीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विक्रेत्याला विचारून घ्यावी. ४० बाय ६ ची पट्टी आडवी, म्हणजे पातळ बाजूने वाकवायला वरच्याच हिशोबाने ९० न्यूटन-मीटर पुरतात. तीच पट्टी उभी धरून कडेवर वाकवायची झाल्यास ६०० लागतात. माहितीपत्रकात नुसते ‘पट्टी ४० बाय ६’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते आडव्या बेंडचेच माप समजावे.

१६ मि.मी.चा बार अधूनमधूनच येत असेल, तर दांडा दीड मीटरचा करावा किंवा गॅसच्या हीटिंग नोझलने बेंडची जागा लालबुंद करून वाकवावे. महिन्यातून एक-दोन गेटांसाठी मोठे मशीन घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो. गॅल्व्हनाइज्ड माल मात्र असा तापवू नये, कारण जस्ताचा धूर छातीला बाधतो.

क्षमतेपेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट, जी खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कोनाचा स्टॉपर, म्हणजे दांडा ठरलेल्या कोनावर अडवणारा भाग. आपली मूळ तक्रार बेंड एकसारखे येत नाहीत ही आहे, आणि ती केवळ ताकदीने दूर होणार नाही. वाकवलेला बार दांडा सोडताच थोडा मागे येतो. माइल्ड स्टीलमध्ये काटकोनासाठी दोन-तीन अंश जास्त वाकवावे लागते. स्टेनलेसमध्ये त्याहून अधिक, आणि वळणाची गोलाई जितकी मोठी तितके हे मागे येणे वाढते. स्टॉपर बारीक सरकवून पक्का आवळता येत असेल, तर पहिला तुकडा गुण्याला लावून नीट बसवला की पुढचे शंभर तुकडे तसेच निघतात. स्टॉपरच्या जागी नुसती ठरावीक अंतरावरची भोके असतील, तर नेमका हवा तो कोन दोन भोकांच्या मध्ये येतो आणि पुन्हा घणाचीच पाळी येते.

मशीन पाहायला जाताना आपल्या कामाचा १२ मि.मी.चा बार सोबत न्यावा, कारण दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेली सळई बहुधा नरमच असते. दांडा रिकामा असताना वर-खाली हलवून पाहावा. टोकाला बोटभर सैलपणा जाणवला, तर मुख्य पिनेचे भोक नवेपणीच ढिले आहे असे समजावे. त्या भोकात गनमेटलचे बुश आणि ग्रीस निपल असणे उत्तम. पिना ईएन २४ सारख्या पोलादाच्या आणि फॉर्मर, म्हणजे ज्यांच्याभोवती बार वळतो ते गोल ठोकळे, निदान ईएन ८ पोलादाचे, कडक केलेले असावेत. मऊ फॉर्मरवर चौरस बारच्या कोपऱ्यांचे चरे पडतात आणि पुढे तेच चरे प्रत्येक तुकड्यावर उमटतात. किमतीत कोणकोणते फॉर्मर येतात हे बिलावर लिहून घ्यावे, कारण मशीन स्वस्त आणि फॉर्मर महाग असा प्रकार सर्रास चालतो. नंतर एखादा वेगळ्या गोलाईचा फॉर्मर लागला, तर तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून मिळू शकतो. त्यासाठी मशीनच्या पिनांची मापे सरळ मिलिमीटरमध्ये असलेली बरी.

बसवण्याच्या जागेचा विचार खरेदीआधीच करावा. बार सहा मीटरचा येतो आणि आपली शेड लांबीत साडेचार मीटरच भरते. त्यामुळे मशीन दाराच्या रेषेत बसवावे, बारचा लांब भाग दाराबाहेर स्थिर राहावा आणि आतला आखूड भाग वळावा. खाली निदान सहा इंच जाडीचे काँक्रीट आणि त्यात चार अँकर बोल्ट हवेत. टेबलावर बसवलेले मशीन १२ मि.मी.ला टेबलासकट फिरते.

मशीन आले की पहिल्याच दिवशी ३०० मि.मी.चा मोजलेला तुकडा काटकोनात वाकवून दोन्ही बाजू बाहेरून मोजाव्यात. त्यांच्या बेरजेतून ३०० वजा केले की प्रत्येक बेंडमागे किती लांबी कमी कापायची ते कळते. ५० मि.मी. व्यासाच्या फॉर्मरवर १२ मि.मी.च्या बारला हा फरक २५ मि.मी.च्या आसपास येतो. प्रत्येक फॉर्मरचा आकडा भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा.

आता पाइपविषयी. या मशीनवर रेलिंगचा पातळ पाइप वाकवू नये. तो वळणावर चपटा होतो किंवा आतून चुण्या पडतात. हायड्रॉलिक हँड पाइप बेंडर वेगळा मिळतो, परंतु त्याचे डाय, म्हणजे पाइप बसवायचे साचे, सहसा जीआय (गॅल्व्हनाइज्ड) पाइपच्या मापाचे असतात. ‘एक इंची’ जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ३३.७ मि.मी. असतो, तर फर्निचर व रेलिंगचा एक इंची ट्यूब बाहेरूनच २५.४ मि.मी. भरतो. हा ट्यूब त्या डायमध्ये सैल बसतो आणि दाब येताच पसरतो. दीड इंची, १६ गेजच्या स्टेनलेस रेलिंगसाठी आतून मँड्रेलचा, म्हणजे पाइपच्या पोकळीत घातलेल्या दांड्याचा आधार देणारे मशीन लागते. रेलिंगची कामे मोजकीच असतील, तर तयार एल्बो वेल्ड करणे किंवा बेंड बाहेरून करून आणणे परवडते.

प्रश्न : मी बेळगावात पत्र्याच्या पेट्या आणि स्टीलचे ट्रे बनवतो. चार फुटी, १८ गेजचे हाताचे फोल्डिंग मशीन पाहिले. त्यावर १६ गेज चालेल का? स्टेनलेसचे काय?

उत्तर : मशीनवर लिहिलेले गेज हे पूर्ण रुंदीच्या माइल्ड स्टील पत्र्यासाठी असते. पत्र्याला लागणारा जोर रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १८ गेजचे (१.२२ मि.मी.) मशीन दोन फूट रुंदीच्या तुकड्यात १६ गेज (१.६३ मि.मी.) पेलू शकते, तुकडा मात्र मधोमध धरावा, एका टोकाला धरल्यास फोल्डिंग बीम पिळतो. पूर्ण चार फुटांत १६ गेज घालू नये. बीम मधून फुगला की त्यानंतरचा प्रत्येक बेंड मध्यभागी उघडा राहतो आणि ते दुरुस्त करणे नवे मशीन घेण्याइतकेच डोकेदुखीचे ठरते.

३०४ स्टेनलेस वाकता वाकता कडक होत जाते आणि त्याला साधारण दीडपट जोर लागतो, म्हणून स्टेनलेससाठी दोन गेज पातळ धरावे. आपल्या मशीनवर ते पूर्ण रुंदीत २० गेज होते. पेट्या आणि ट्रे हेच काम असल्यामुळे वरचा जबडा सलग नसून सुट्या बोटांचा असलेले, म्हणजे बॉक्स अँड पॅन पद्धतीचे मशीन घ्यावे. सलग जबड्यावर दोन समोरासमोरच्या बाजू उचलता येतात, परंतु उरलेल्या दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या कडा जबड्याला अडतात.

प्रश्न : ‘१६ मि.मी. क्षमता’ लिहिलेल्या हँड बेंडरवर बांधकामाची टीएमटी सळई वाकवावी का? (चंद्रपूर)

उत्तर : १६ मि.मी.ची नको. एफई ५०० प्रतीच्या टीएमटी सळईची यील्ड स्ट्रेंग्थ ५०० मेगापास्कल, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलच्या दुप्पट असते, त्यामुळे त्याच व्यासाला जोरही दुप्पट लागतो. ८ आणि १० मि.मी.च्या रिंगा अशा मशीनवर आरामात होतात, १२ मि.मी. चालून जाते. फॉर्मर मात्र सळईच्या व्यासाच्या चौपटीहून लहान नसावा, ८ मि.मी.ला निदान ३२ मि.मी.चा. जोर पुरत नाही म्हणून टीएमटी तापवून वाकवू नये, कारण तिची ताकद कारखान्यात पाण्याने थंड करून कडक केलेल्या बाहेरच्या थरात असते आणि तो थर गॅसच्या ज्योतीने नरम पडतो. एकदा वाकवलेली सळई सरळ करून त्याच जागी पुन्हा वाकवू नये.