यज्ञा: यद्न्या, यग्या की यग्ना?

प्रश्न असा आहे: 'माझं नाव यज्ञा. माहेर तासगावचं, नोकरी सांगलीत बँकेत. घरी सगळे यद्न्या म्हणतात. उत्तरेकडून बदलून आलेले आमचे साहेब यग्या म्हणतात, हळदीच्या व्यापारातले गुजराती शेठ यग्ना म्हणतात, जतकडची कानडी बोलणारी मैत्रीणही यग्नाच. फोनवर स्पेलिंग वाचून बोलणारे तर याडन्या, यादनिया, वाट्टेल ते. परवा साहेब म्हणाले की मूळ संस्कृत उच्चार "यग्य", मराठीत तो बिघडला. खरं आहे का? आणि स्पेलिंग बदलून एकदाचा घोळ संपवू का?'

साहेबांचं म्हणणं खरं नाही. पण म्हणून यद्न्या हा उच्चार थेट ऋषीमुनींकडून तासगावात आलाय असंही समजू नका.

वर्णमालेच्या शेवटी क्ष आणि ज्ञ वेगळे बसवल्यामुळे ज्ञ हे स्वतंत्र अक्षर वाटतं. प्रत्यक्षात ते जोडाक्षर आहे: ज् अधिक ञ. संगणकसुद्धा ते ज, हलन्त, ञ असंच साठवतो. त्यात ग नाही आणि द पण नाही. ञ म्हणजे 'पंच' म्हणताना च च्या आधी नाकात जे वाजतं ते. आता ज् आणि त्याला चिकटून लगेच ञ, असं म्हणून बघा. जीभ अडखळते, आणि ती सगळ्यांचीच अडखळली. ज म्हणताना जीभ आधी वर टेकते आणि मग घासत सुटते. मराठीत ते घासणं गिळलं गेलं, टेकणं तेवढं द म्हणून उरलं, आणि ञ चा न्य झाला. हिंदीत स्पर्श मागे सरकून ग झाला आणि नाकातला आवाज जवळपास गेला. गुजराती, कानडी, तेलुगू बोलण्यात ग आला, पण न टिकला. बंगालीत तर 'विज्ञान'चं 'बिग्गान' होतं. म्हणजे प्रत्येकानं काहीतरी ठेवलं, काहीतरी सोडलं. आपल्याकडचे भटजी मंत्रातही यद्न्य म्हणतात, काशीचे यग्य म्हणतात, आणि दोघांनाही आपलंच शुद्ध वाटतं.

तुमच्या नावात आणखी एक गंमत आहे. ज्ञान, प्रज्ञा, आज्ञा यांतला ज्ञ 'ज्ञा' म्हणजे जाणणे या धातूचा. तुमचा ज्ञ त्या घरातला नाहीच. यज् म्हणजे पूजणे, आहुती देणे. त्याला पाणिनीच्या नियमानं 'न' हा प्रत्यय लागतो, आणि ज् च्या शेजारी बसल्यामुळे त्या न चा ञ होतो. यज् अधिक न, यज्ञ. त्यामुळे 'यज्ञा म्हणजे ज्ञानी' असं कुणी बारशाच्या यादीत लिहून दिलं असेल तर ते सोडून द्या. (बारशाच्या याद्यांमधले अर्थ हा वेगळाच विषय आहे, त्यात शिरत नाही.)

प्राकृत बोलणाऱ्यांनी तर या जोडाक्षराशी झटापट केलीच नाही, सरळ ण्ण करून टाकला. आज्ञेची 'आण' झाली, तीच 'तुला माझी आण आहे' मधली. राज्ञीची राणी झाली. आणि तुमच्याच गोतावळ्यातला शब्द म्हणजे जानवं: यज्ञोपवीताचं ते झिजलेलं रूप. मराठीत यज्ञ शब्द खरा मुरलाय तो इथे, आणि तिथे ना द आहे, ना ग.

आता साहेबांच्या ग्य कडे. तो हिंदीतून आलेला पाहुणा आहे असं आपण धरून चालतो. पण आषाढीच्या आधी लोणंद-तरडगाव-फलटणच्या रस्त्यावर उभे राहा. माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा दिंड्यांमध्ये गजर कशाचा असतो? 'ग्यानबा-तुकाराम'. ज्यांनी हिंदीचं पुस्तक कधी उघडलं नाही असे म्हातारे वारकरी ग्यानबाच म्हणतात. गावोगावी गेनबा आणि गेनू आहेत ते त्याच घरातले. 'ग्यानबाची मेख' हा वाक्प्रचार कुणी 'ज्ञानबाची मेख' करून म्हटला तर त्यातली सगळी मजा जाते. तेव्हा द्न्य हा शाळेतल्या, छापील मराठीचा प्रमाण उच्चार, आणि ग्य हा आपल्याच बोलीतला जुना रहिवासी. साहेबांना हे जरूर सांगा, त्यांना बरं वाटेल. फक्त त्यांच्या 'मूळ संस्कृत'चा आधार काढून घ्या.

पण नावाचा उच्चार अशा वादात ठरत नसतो. शब्द भाषेचा असतो, नाव माणसाचं. तुमच्या घरी यद्न्या म्हणतात, तर तुमचं नाव यद्न्या. साहेबांना हा उच्चार जमत नाही असंही मला वाटत नाही. 'अन्याय' म्हणणाऱ्या माणसाला न्या येतोच. त्यांना लहानपणापासून ज्ञ दिसला की ग्य म्हणायचं शिकवलंय, एवढंच. म्हणून अक्षर दाखवू नका, तुकडे ऐकवा: आधी 'यद्', मग 'न्या'. दोन्ही वेगवेगळे म्हणायला लावा, मग जोडायला सांगा.

स्पेलिंग बदलू नका. डी-एन-वाय ही मराठी ज्ञ ची जुनी रोमन सोय आहे. नगरला 1842 साली निघालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचं नाव रोमन लिपीत तसंच लिहितात, आणि तुमच्या ओळखीतले निम्मे ज्ञानेश्वरही तसंच लिहीत असतील. जी-वाय केलंत तर सांगलीतली माणसंसुद्धा वाचून यग्या म्हणायला लागतील. जे-एन केलंत तर 'यजना' ऐकावं लागेल. शिवाय आधार, पॅन, पासबुक सगळीकडे दुरुस्ती करत फिरा, ते वेगळंच.

सुधारायचं कुणाला, तर जे रोज हाक मारणार आहेत त्यांना. साहेबांना सांगा, मैत्रिणीला सांगा. पार्सल आणणाऱ्या मुलानं खालून 'यादनिया मॅडम' अशी आरोळी दिली, तर खाली जाऊन पार्सल घ्या.