टक्के राहू देत, वही कुठाय?

तुझा मेसेज वाचला. पेपरचा मजकूर आधी छापलेल्याशी किती जुळतो, त्याचा सॉफ्टवेअरचा रिपोर्ट २३ टक्के आलाय आणि कुणीतरी पैसे घेऊन तो दहाच्या आत आणून देतो म्हणतोय, तर देऊ का सर. अगं, मला विचारलंस म्हणजे तुलाही ते पटलेलं नाही, त्यावर जास्त बोलत नाही. तो माणूस सॉफ्टवेअरनं शब्द फिरवून देणार, ब्रेस्ट कॅन्सरचं ‘बूझम पेरिल’, म्हणजे छातीचं संकट, करून छापलेले असले पेपर २०२१ पासून शोधून काढायला लागलेत लोक.

आधी रिपोर्ट उघडून जुळलेल्या रंगीत ओळी एकेक बघ की. संदर्भयादी धरली असेल तर वगळून परत काढ, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्यावरच्या २०१८ च्या नियमात ती धरायचीच नाही. दहापर्यंत दंड नाही, चाळीसपर्यंत पेपर मागं घ्या म्हणतात, त्याच्या वर गेलं की इन्क्रिमेंट आणि गाइडशिपवर येतं, हे पाठ असणारे आपल्याकडं लय आहेत, आणि त्यातलेच काही नऊ टक्क्यात चोरी बसवतात. दुसऱ्याची कल्पना उचलून आपल्या शब्दात लिहिली तर सॉफ्टवेअरला काय डोंबल कळणार, ते शब्द जुळवतं फक्त.

म्हणून वही. वाचताना जे उतरवशील त्याच्या शेजारी तिथल्या तिथं लेखक, वर्ष, पान. जसंच्या तसं असेल तर अवतरणचिन्ह. नंतर लिहू म्हणालीस की गेलं, चार महिन्यांनी ते वाक्य तुला तुझंच वाटायला लागतं. तू स्वतः गुऱ्हाळावर उभी राहिलीस, भेंडीचं पाणी घालून काहिलीतली मळी काढताना बघितलंस, आणि इंट्रोडक्शनमध्ये तोच भाग शोधगंगेवरच्या, त्या प्रबंधांच्या साइटवरच्या, थिसिसमधनं? कशाला?

वही, बाई, वही. मला हेकट म्हणतात, म्हणू देत. रिव्ह्यूला आलेला एक पेपर मी परत पाठवला, तो निघाला जवळच्या मित्राच्या विद्यार्थ्याचा, तेव्हापासनं मित्र लग्नात समोर आला तरी मान फिरवतो. वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू. पण तीन पानं दुसऱ्याची होती, संपादकाला काय कळवायचं होतं मी, छान आहे म्हणून?

असो. मेथडमध्ये जुळलेल्या ओळींचं टेन्शन घेऊ नकोस, मूळ पेपरचा संदर्भ दे आणि तू काय बदललंस तेवढंच लिही. इंट्रोडक्शन मात्र थिसिस बंद करून, गुऱ्हाळावरच्या तुझ्या नोंदी समोर ठेवून नव्यानं लिही आणि गुरुवारी घेऊन ये, दुपारी डिपार्टमेंटलाच आहे मी.