साइट गुगलवर दिसून नाही राहिली? आधी एवढं करा

भाऊ, तुमची सावजी मसाल्याची साइट पाहिली, मस्त झाली, पण चार दिवसात गुगलवर दिसत नाही म्हणून घाबरून कायले राहिले, गुगल स्वतःच सांगते की नवं पान वाचायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात.

सगळ्यात आधी, साइट ज्यावर बनवली त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधे 'रीडिंग' उघडा. सर्च इंजिनला मनाई करायची टिक तिथे चालू तर नाही? साइट बनवणारी पोरं ती लावतात अन् काढायची विसरतात, मग बाकी सगळी मेहनत वाया.

मग हे:

- गुगल सर्च कन्सोल, म्हणजे साइट गुगलमधे कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल, फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे दाखवा, साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) टाका. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनच्या वेबमास्टर टूल्समधे तेच इंपोर्ट होते.
- तुमच्या सगळ्या पानांचं टायटल (सर्चमधे दिसणारं पानाचं नाव) नुसतं 'होम' आहे, असं नका ठेवू! 'सावजी मटण मसाला, इतवारी नागपूर' असं लिहा, गिऱ्हाईक जे टाइप करते तेच.
- दुकान आहे तर गुगल बिझनेस प्रोफाइल काढाच, म्हणजे नकाशावर दिसाल.

"५०० सर्च इंजिनात नोंदणी करून देतो" असे फोन येतील, एक रुपया देऊ नका. मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडमधे लपवून लिहिलेले शब्द) भरत बसू नका, रँकिंगसाठी ते पाहत नाही हे गुगलने २००९ मधेच सांगितलं. बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक), स्कीमा (सर्च इंजिनला पानाची माहिती सांगणारा कोड) सध्या राहू द्या. आठवड्याभराने गुगलमधे इंग्रजीत site, कोलन (:) अन् लगेच तुमचं डोमेन (साइटचा पत्ता) टाकून पहा, किती पानं आली ते इथे सांगा.